गोव्याची वीज, खाणी आणि सरकारी आकडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधानसभेचे अधिवेशन जवळ आले, विजेचे बिल वाढून आले किंवा एखादा मंत्री 'लवकरच' हा शब्द उच्चारून गेला, की गोव्यातील वाचक साधारण तेच ते प्रश्न विचारू लागतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. जेथे मत आहे तेथे ते मत म्हणूनच मांडले आहे.

गोव्यात स्वतःची वीज तयार होते का?

नावापुरती. राज्याच्या मालकीचे एकही मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. सांकवाळ येथे नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर चालणारा ४८ मेगावॅटचा खासगी प्रकल्प होता. त्याची वीज महाग पडत असे आणि तिचा खरेदी करार २०१४ मध्ये संपला. आमोणे येथील लोखंडाच्या कारखान्यात भट्टीतून निघणाऱ्या वायूवर वीज तयार होते, आणि अलीकडे घरांच्या व कारखान्यांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. उरलेली, म्हणजे जवळजवळ सगळी वीज राज्याबाहेरून येते. कोरबा, विंध्याचल, सिपत, रामगुंडम येथील एनटीपीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रांत आणि तारापूर व काक्रापार येथील अणुवीज केंद्रांत गोव्याचा वाटा ठरलेला आहे. कमी पडेल ती वीज बाजारातून घ्यावी लागते. उन्हाळ्यात मागणी सातशे मेगावॅटच्या आसपास पोचते.

यातून एक गोष्ट निघते, जी आमचे राज्यकर्ते व्यासपीठावरून सहसा बोलत नाहीत. गोव्यात वीजकेंद्राची चिमणी नाही, म्हणून आपली वीज स्वच्छ ठरत नाही. पणजीतल्या वातानुकूलित सभागृहासाठी जळणाऱ्या कोळशाची राख छत्तीसगडात आणि मध्य प्रदेशात पडते. 'हरित गोवा' अशी घोषणा करताना निदान एवढे तरी त्याच वाक्यात सांगितले जावे.

मग मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कुणासाठी असतो?

तो आपल्या विजेसाठी नसतो. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की ग्रामसभेतही 'कोळसा नको म्हणता, मग दिवे कशाने लावणार?' असा प्रश्न ऐकू येतो. मुरगावला उतरणारा कोळसा प्रामुख्याने कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी, विशेषतः बळ्ळारी परिसरातील कारखान्यांसाठी, रेल्वेने घाट चढून जातो. गोव्यात कोळशावर चालणारे सार्वजनिक वीज केंद्र नाही. वास्कोतील माणसाच्या खिडकीच्या चौकटीवर बसणारी काळी भुकटी आणि त्याच घरातला दिवा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

रेल्वेच्या दुपदरीकरणाचा वाद याच ठिकाणी उभा राहतो. समर्थक प्रवाशांच्या सोयीचा हवाला देत होते, तर विरोधक ही सोय मुख्यतः कोळशाची असल्याचे सांगत होते. नोव्हेंबर २०२० च्या पहिल्या रात्री चांदर येथे हजारो लोक रुळांवर बसले होते. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली.

तमनार वीजवाहिनीची खरोखर गरज आहे का?

गरज आहे, असे आमचे मत आहे. पण ती ज्या पद्धतीने लोकांसमोर आणली गेली ती पद्धत चुकीची होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आधी गरज पाहू. गोव्याला मोठ्या दाबाने वीज पुरवणारा मुख्य रस्ता म्हणजे कोल्हापूरहून म्हापशाच्या उपकेंद्रात येणारी ४०० केव्हीची वाहिनी. तिच्यावर ताण आला किंवा ती बंद पडली तर उरलेल्या २२० केव्हीच्या वाहिन्यांना सगळा भार पेलणे जड जाते. म्हणून धारवाडजवळच्या नरेंद्र येथून शेल्डे येथे दुसरी ४०० केव्हीची वाहिनी आणायची आणि मोलेजवळ सांगोड येथे उपकेंद्र उभारायचे, असा हा छत्तीसगडातील तमनार गावाच्या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प आहे. वाळपईपासून काणकोणपर्यंत ज्याने पावसाळ्यातल्या रात्री अंधारात काढल्या आहेत, त्याला दुसऱ्या वाहिनीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. मात्र येथेही एक सरमिसळ केली जाते. पावसाळ्यात गावातली वीज जाते ती बहुतेक वेळा उघड्या तारांवर फांदी पडल्यामुळे, जुना ट्रान्स्फॉर्मर बंद पडल्यामुळे किंवा लाईनमन अपुरे असल्यामुळे. ४०० केव्हीची वाहिनी आली म्हणून कुंकळ्ळीच्या वाड्यावरचा फ्यूज उडायचा थांबणार नाही. तमनारच्या नावावर या सगळ्या तक्रारी खपवल्या गेल्या, हे बरे झाले नाही.

आता पद्धत पाहू. ही वाहिनी आणि महामार्गाचे चौपदरीकरण यांचे प्रस्ताव एप्रिल २०२० मध्ये, देशात टाळेबंदी असताना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दूरदृश्य बैठकीत हाताळले. भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान यांतून जाणाऱ्या प्रकल्पाची माहिती गोव्यातल्या सामान्य माणसाला मिळाली ती मंजुरी मिळून गेल्यावर, आणि तीही सरकारकडून नव्हे, तर 'आमचे मोले' मोहिमेतल्या तरुणांकडून. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करून, नवे जंगल न तोडता असलेल्या जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून मार्ग काढावा, असे सांगितले. तोच मार्ग सुरुवातीला का निवडला नाही, याचे समाधानकारक उत्तर लोकांना मिळालेले नाही. कर्नाटकाच्या बाजूची परवानगीही म्हादई नदीच्या पाण्यावरून दोन राज्यांत चाललेल्या वादात रखडली. पहिल्याच दिवशी पर्यायी मार्ग, झाडांची संख्या आणि विजेची तूट हे तिन्ही कागद पंचायतींपुढे ठेवले असते, तर कदाचित बराच वेळ वाचला असता.

विजेचा दर मंत्री ठरवतात का?

नाही. गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठी असलेला संयुक्त वीज नियामक आयोग तो ठरवतो. आयोगाचे मुख्यालय गुरुग्राममध्ये आहे. वीज खाते पुढच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज घेऊन आयोगाकडे याचिका दाखल करते, ती जाहीर होते, लेखी हरकती मागवल्या जातात, गोव्यात जाहीर सुनावणी होते आणि मग आदेश निघतो. त्यामुळे दर वाढल्यावर 'हे आयोगाने केले' असे म्हणणारा मंत्री तांत्रिकदृष्ट्या खरे बोलत असतो, पण वाढीची मागणी करणारी याचिका त्याच्याच खात्याने केलेली असते, हे तो सांगत नाही.

या सुनावण्यांना जाऊन पाहावे. पुढच्या रांगांत उद्योग संघटनांचे प्रतिनिधी जाड फायली घेऊन बसलेले असतात, त्यांचा सल्लागार पान क्रमांक सांगून बोलतो, आणि घरगुती ग्राहकांच्या वतीने बोलणारे दोन-तीन जण 'आमच्या गावात वीज जाते' एवढेच सांगून खाली बसतात. ती तक्रार खरी असते, पण ती त्या सुनावणीचा विषय नसते. तिथे खर्चाच्या रकान्यांवर बोलावे लागते : वीज खरेदीचा अंदाज कसा काढला, गळती किती धरली, थकबाकी कोणत्या खात्यांकडे आहे.

गोव्यात वीज इतर राज्यांपेक्षा स्वस्त आहे. मग अडचण काय?

घरगुती वीज स्वस्त आहे, हे खरेच आहे. पण वीज स्वस्त मिळणे आणि वीज स्वस्तात पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खात्याचा खर्च व दरातून येणारा महसूल यांत जी तूट राहते ती राज्य सरकार अर्थसंकल्पातून भरून काढते. म्हणजे बिलावर जे वाचते ते पैसे आपण दुसऱ्या खिशातून देतो. फरक इतकाच की त्या दुसऱ्या खिशाची पावती कुणी हातात देत नाही. शिवाय या सवलतीचा लाभ मुंडकाराच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळाच्या, दोन खोल्यांच्या घराला होतो, तसाच वर्षातले दहा महिने बंद असलेल्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या घरालाही होतो. तूट सरकारने उचलावी की नाही, यावर दोन मते असू शकतात. ती किती आहे आणि कुणाच्या वाट्याला जाते, हे बिलावर एका ओळीत छापण्याबद्दल मात्र मतभेद असू नये.

बिलावर दर महिन्याला बदलणारी ती रक्कम कसली?

इंधन व वीज खरेदी खर्चाच्या समायोजनाची. वीज प्रत्यक्षात जितक्याला पडली आणि आयोगाने आदेशात जितकी धरली होती, त्यातला फरक. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती केल्यापासून हा फरक दर महिन्याला आपोआप वसूल करण्याची पद्धत आली.

बिल हातात घेऊन पाहा. आधी ग्राहक क्रमांक व मंजूर भार, मग मागचे व आताचे मीटर वाचन, त्याखाली स्थिर आकार, मग टप्प्याटप्प्याने वाढणारा ऊर्जा आकार, मग हे समायोजन आणि शेवटी वीज शुल्क. यांतले स्थिर आकार व ऊर्जा आकार आयोगाच्या आदेशातून येतात, समायोजन बाजारातून येते आणि वीज शुल्क हा सरळ राज्य सरकारचा कर आहे. 'दरवाढ झालेली नाही' असे निवेदन येते तेव्हा ते बहुधा ऊर्जा आकारापुरतेच खरे असते. वापर तेवढाच असूनही बिल वाढले असेल, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे बिल शेजारी ठेवून कोणती ओळ वाढली ते शोधावे. अर्ध्याहून अधिक तक्रारींचा उलगडा तिथेच होतो. वाचनच चुकीचे असेल तर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, त्याने काम झाले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल अशी पायरी आहे.

स्मार्ट मीटर आल्यावर बिल वाढेल का?

मीटरमुळे वाढणार नाही. पण केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार, स्मार्ट मीटर बसल्यानंतर दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावता येतो : सौर ऊर्जा उपलब्ध असलेल्या तासांत नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी आणि मागणीच्या तासांत १० ते २० टक्के जास्त. संध्याकाळी सात वाजता गीझर, मिक्सर आणि एसी एकदम लावणाऱ्या घराला ते जाणवेल. हे आधी सांगून मीटर बसवले तर विरोध कमी होईल.

निवडणुकीतली फुकट विजेची आश्वासने आणि 'सूर्य घर' योजना यांत फरक काय?

२०२२ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी आम आदमी पक्षाने दरमहा ३०० युनिटपर्यंत मोफत विजेचे आश्वासन गोव्यात दिले होते. त्याच सुमारास, २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी, मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी दरमहा १६ हजार लिटरपर्यंत मोफत पाण्याची घोषणा केली. दोन्हींत तत्त्व एकच : बिल ग्राहकाऐवजी तिजोरीने भरायचे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्य घर योजनेचे नाव जरी 'मुफ्त बिजली' असले तरी तिचा हिशेब निराळा आहे. छपरावर पॅनेल बसवण्याच्या खर्चातला काही भाग सरकार देते : एक किलोवॅटसाठी ३० हजार, दोनसाठी ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटसाठी ७८ हजार रुपये. उरलेला खर्च घरमालकाने करायचा असतो व काही वर्षांत तो बिलातून वसूल होतो. यात गोव्यापुरत्या दोन अडचणी आहेत. पहिली पावसाची : जून ते सप्टेंबर निर्मिती घटते, त्यामुळे वर्षाचा हिशेब एप्रिलच्या आकड्यावरून करू नये, आणि विक्रेता नेमका तोच आकडा दाखवतो. दुसरी अडचण घराच्या मालकीची आहे. कौलारू छप्पर, भावाभावांत न वाटलेले वडिलोपार्जित घर, मुंडकाराच्या नावावर न झालेली जागा किंवा पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट असेल, तर 'तुमचे छप्पर' ही कल्पनाच कागदावर अडते. जाहिरातीत मात्र नेहमी एक स्लॅबचे, सावली नसलेले, एकाच मालकाचे घर असते.

पेट्रोलच्या करावर दिलेला शब्द पाळला गेला का?

२०२२ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या गोव्यातील जाहीरनाम्यात पेट्रोल व डिझेलवरील राज्याचा कर तीन वर्षे वाढवणार नाही, असे म्हटले होते. जून २०२४ मध्ये मूल्यवर्धित कर वाढवण्यात आला आणि पेट्रोल सुमारे एक रुपयाने, डिझेल ३६ पैशांनी महागले. रक्कम लहान आहे. पण तीन वर्षे पुरी झाली नव्हती, आणि शब्द का मोडावा लागला याचे स्पष्टीकरण वाढीबरोबरच यायला हवे होते.

याला एक जुना संदर्भ आहे. मार्च २०१२ मध्ये सत्तेवर येताच मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरील हा कर जवळजवळ शून्यावर आणला आणि पेट्रोल सुमारे ११ रुपयांनी स्वस्त झाले. शेजारच्या सावंतवाडी व कारवारची माणसे टाकी भरायला गोव्यात येऊ लागली. आश्वासन दिले आणि पाळले, याचे ते उत्तम उदाहरण होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, महसूल आटला आणि कर टप्प्याटप्प्याने परत वाढत गेला. सवलत एका उत्पन्नाच्या भरवशावर दिली होती आणि ते उत्पन्न कायमचे नाही, हे तेव्हा कुणी मोठ्याने बोलले नव्हते.

खाणी नेमक्या का बंद पडल्या? कोण म्हणते न्यायालयाने बंद केल्या, कोण म्हणते पर्यावरणवाद्यांनी.

कायदा मोडला गेला म्हणून. पोर्तुगीज काळातील खाण परवान्यांचे १९८७ च्या कायद्याने खाणपट्ट्यांत रूपांतर झाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चीनची मागणी वाढली, पूर्वी टाकाऊ समजली जाणारी कमी प्रतीची मातीही विकली जाऊ लागली आणि २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी लोहखनिजाची निर्यात पाच कोटी टनांच्या जवळपास पोचली. डिचोली, सांगे, केपे तालुक्यांतल्या रस्त्यांवर ट्रकांची रांग तुटत नसे. शाळेतली मुले तोंडाला रुमाल बांधून कडेने चालत आणि मांडवीत बार्जेस एकामागून एक असत. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाने २०१२ च्या अहवालात बेकायदा उत्खननाने झालेले नुकसान सुमारे ३५ हजार कोटी रुपये काढले. या आकड्यावर वाद झाला, तो अवाजवी असल्याचे उद्योगाने म्हटले, आणि ती टीका पूर्णपणे निराधारही नव्हती. पण १० सप्टेंबर २०१२ रोजी खाणकाम स्थगित करणारा पहिला आदेश राज्य सरकारनेच काढला, हे विसरता येत नाही. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २१ एप्रिल २०१४ च्या निकालात, गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर, सगळ्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, असे सांगितले. म्हणजे पाच वर्षे जे खोदले गेले ते मुदत संपलेल्या कागदावर.

खरा धडा यानंतरचा आहे. लिलावाचा पर्याय समोर असताना राज्य सरकारने ८८ पट्ट्यांचे जुन्याच धारकांच्या नावे दुसऱ्यांदा नूतनीकरण केले. त्यांतली बरीच नूतनीकरणे जानेवारी २०१५ च्या सुरुवातीच्या दिवसांत झाली, आणि १२ जानेवारीला लिलाव बंधनकारक करणारा केंद्राचा अध्यादेश निघाला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही ८८ नूतनीकरणे रद्द केली आणि मार्चच्या मध्यावर खाणी दुसऱ्यांदा थांबल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसाला २०१५ मध्ये 'आता सगळे सुरळीत झाले' असे सांगण्यात आले होते. त्या नूतनीकरणात कायदेशीर धोका होता, ही गोष्ट त्याला कुणी सांगितली असती तर त्याने नवा हप्ता घेतला नसता. घाई सरकारने केली, हप्ता त्याने भरला.

आता लिलाव झाले आहेत. जुने दिवस परत येतील का?

नाही. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार पट्ट्यांचे लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम सुरू झाले, पण प्रमाण निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली मर्यादा वर्षाला दोन कोटी टनांची आहे, म्हणजे तेजीच्या वर्षातील निर्यातीच्या निम्म्याहूनही कमी. काही पट्ट्यांसाठी बोली खनिजाच्या सरासरी विक्रीकिमतीच्या नव्वद टक्क्यांवर गेली. तिजोरीच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे, पण सरकारला एवढी बोलीची रक्कम भरणारा माणूस ट्रकाचे भाडे सढळ हाताने देईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे. यंत्रेही आता मोठी आहेत आणि माणसे कमी लागतात.

२०१८ पासून जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात खाणी 'लवकरच' पूर्ण क्षमतेने सुरू होण्याचे आश्वासन ऐकायला मिळाले. त्याऐवजी कोणता पट्टा, पर्यावरण परवान्याच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या अधिकाऱ्याकडे, आणि तिथे किती ट्रकांना काम मिळणार, असा तक्ता दर तीन महिन्यांनी जाहीर केला असता तर पाळी-वेळगे भागातल्या अनेक ट्रकमालकांनी गंजलेला ट्रक वेळीच विकून दुसरा धंदा धरला असता.

'कायम निधी' म्हणजे काय?

२०१४ च्या निकालात विक्रीच्या रकमेपैकी १० टक्के रक्कम 'गोवा लोहखनिज कायम निधी'त ठेवण्याचा आदेश आहे. खनिज एकदा काढले की संपले, म्हणून त्याचा काही भाग पुढच्या पिढीसाठी राखावा, हा त्यामागचा विचार. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वेगळा. तो खाणग्रस्त गावांवर खर्च करण्यासाठी असतो. दोन्हींचे नाव घेऊन एकाच रस्त्याचे उद्‌घाटन होऊ नये म्हणून हा फरक लक्षात ठेवावा.

गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात सर्वांत वरच्या राज्यांत आहे. मग हाती पैसा का नाही?

कारण तो आकडा घरात येणारा पैसा मोजत नाही. राज्याच्या हद्दीत किती मूल्य निर्माण झाले ते तो मोजतो. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषध कारखान्याचे उत्पादन गोव्याच्या खात्यात पडते, त्याचा नफा मात्र मालक जिथे असेल तिथे जातो. उलट आखातातून किंवा इंग्लंडमधून सासष्टीतल्या घरी येणारा पैसा या उत्पादनात मोजला जात नाही, आणि अनेक गावे तर त्याच पैशावर उभी आहेत. एकूण उत्पन्नाला पंधरा-सोळा लाख लोकसंख्येने भागले की भागाकार मोठा येतो. तो आकडा खोटा नाही; पण सरावलेल्या वक्त्याच्या तोंडी तो फसवा होतो.

करोनानंतर पर्यटन सावरले का?

देशी पर्यटन सावरले. परदेशी सावरले नाही. २०१९ मध्ये गोव्यात परदेशी पर्यटक नऊ लाखांहून अधिक आणि देशी सुमारे ७१ लाख आले होते. २०२३ मध्ये देशी ८१ लाखांच्या वर गेले, तर परदेशी साडेचार लाखांच्या आसपास राहिले. यात करोना हे एकच कारण नाही. इंग्लंडमधून चार्टर विमाने पाठवणारी थॉमस कुक कंपनी सप्टेंबर २०१९ मध्येच बुडाली होती, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या युक्रेन युद्धाने रशियन पर्यटकांचे गणित बिघडवले. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्याने येण्याची क्षमता वाढली, पण कोण येते आणि किती खर्च करते हा प्रश्न तसाच राहिला.

परदेशी पाहुणा किनाऱ्यालगतच्या शॅकमध्ये पंधरा दिवस जेवतो, देशी पाहुणा बहुधा शनिवार-रविवार येतो. म्हणून एकूण संख्या वाढूनही शॅकवाला रडतो आणि पर्यटन खाते विक्रम जाहीर करते, आणि दोघेही खरे बोलत असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये समाजमाध्यमावर परदेशी पर्यटक घटल्याचे आकडे फिरू लागले तेव्हा खात्याने पोलिसांत तक्रार दिली. त्या आकड्यांत चूक असेलही. चुकीच्या आकड्याला बरोबर आकड्याने, स्रोत आणि मोजण्याची पद्धत देऊन उत्तर देता आले असते. हॉटेलांनी भरलेल्या नोंदींवरून मोजणी होत असेल तर नोंद न झालेल्या भाड्याच्या फ्लॅटमधले पाहुणे कुठे जातात, हे त्यानिमित्ताने कळले तरी असते.

म्हणजे सरकार खोटे बोलते, असे म्हणायचे आहे का?

सरळ खोटे क्वचितच बोलले जाते. अधिक करून होते ते असे : अंदाज हा निष्पत्ती म्हणून सांगितला जातो, सामंजस्य करार गुंतवणूक म्हणून मोजला जातो, मंजूर रक्कम खर्च झाल्यासारखी जाहीर होते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. भाषण पहिल्या रकान्यावर होते. दोन वर्षांनी शेवटचा रकाना छापून येतो तेव्हा तो पाहायला कुणी नसते. आपली वर्तमानपत्रेही त्यातून सुटत नाहीत. घोषणेला पहिले पान मिळते, प्रत्यक्ष खर्चाला एखादा कोपरासुद्धा नाही.

देखरेखीच्या यंत्रणांचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. लोकायुक्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२० मध्ये निवृत्त झाले तेव्हा, आपण दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही, असे त्यांनी उघडपणे सांगितले.

सरकारने माहिती आपणहून द्यावी, असा कायदा आहे का?

आहे, आणि तो वाटतो त्यापेक्षा कडक आहे. माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा गोव्याने १९९७ मध्येच केला होता, केंद्राच्या २००५ च्या कायद्याच्या आठ वर्षे आधी. केंद्राच्या कायद्याच्या कलम ४ मध्ये म्हटले आहे की महत्त्वाचे धोरण आखताना किंवा लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना सर्व संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, आणि ज्याच्यावर परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणे द्यावीत. अर्ज येण्याची वाट पाहावी, असे त्यात कुठेही नाही. तमनार, दरवाढ, खाणपट्ट्यांचे नूतनीकरण हे सगळे या कलमात बसते.

मला एकट्याला काय विचारता येईल?

दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे करता येते.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरते. 'वीजपुरवठा का सुधारत नाही?' असे लिहिले तर 'हा माहितीचा प्रश्न नाही' असे उत्तर येते आणि ते कायद्याला धरून असते. त्याऐवजी अमुक फीडरवर (उपकेंद्रातून गावाकडे वीज नेणाऱ्या वाहिनीवर) मागील आर्थिक वर्षात वीज किती वेळा व किती तास गेली याच्या नोंदवहीची प्रत, त्या फीडरवर झाडे छाटण्याच्या कामाच्या आदेशाची प्रत आणि त्याच्या बिलाची प्रत मागावी. तिन्ही कागद अस्तित्वात असतातच किंवा असायला हवेत, आणि त्यांतला एखादा नाही असे लेखी आले तर तेच पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवता येते. आमदार ओळखीचा असेल तर तोच प्रश्न विधानसभेत तारांकित म्हणून टाकायला सांगावा. मंत्र्याला त्याचे तोंडी उत्तर द्यावे लागते, त्यावर उपप्रश्न विचारता येतात आणि ते सगळे कामकाजाच्या नोंदीत राहते.